बैलाची संमती

आता मला सांगा, बैलाला आडनाव असतं का हो? न्हाई, तुम्ही शिकलेली माणसं, तुमच्या तिकडं असत असंल... आमच्या देवणीत न्हाई बुवा! पण आमची नात अक्षरा, मांडीवर तो लॅपटॉप घेऊन बसली अन् म्हणती, "अप्पा, आडनाव टाकल्याबिगर पुढंच जात न्हाई." अगं, म्हणलं, बैल पुढं जातो ना? मग झालं की! पन्नास साल देवणीच्या बैलबाजारात दलाली केली मी, किती शिंगं या हाताखालून गेली त्याची गिनती न्हाई, एका बैलानं मला आडनाव सांगितलं न्हाई अन् मी बी कुणाला विचारलं न्हाई. मग काय करावं पोरीनं? आमचंच टाकलं! बिरादार! म्हणजे आता त्या यंत्रात एक चार दाती बैल माझा भाऊबंद होऊन बसलाय, उद्या वाटणी मागायला आला तर कुठं जाऊ? जाऊ द्या, मला काय त्याचं, मी चौथी शिकलेला माणूस!

तुम्हाला सांगतो, ही पोरगी नांदेडला कॉम्प्युटरची डिग्री करून राहिली होती, शेवटचं साल. नुसतं कॉम्प्युटर न्हाई बरं, त्यात तिनं विषय घेतला बिझनेस इन्फर्मेशन सिस्टिम्स. मी म्हणलं, हे काय असतंय? तर म्हणती, "धंद्यात कोण कुणाला काय सांगतं, कवा सांगतं, त्यावर कोण काय ठरवतं, ते सगळं समजून घ्यायचं अन् यंत्रात बसवायचं." आता हे काम आमच्या गल्लीत भामाबाई फुकट करती! तिला कुठली डिग्री? पण बोललो न्हाई... म्हणजे, बोललो. भामाबाईसमोरच बोललो. तवापासून त्या घरचं विरजण बंद झालं आपल्याला.

तर त्यांचे एक राजशेखर सर हायेत, त्यांनी सांगितलं, एक खराखुरा धंदा निवडा, तो कसा चालतो ते बघा अन् त्याची यंत्रणा बनवा, तोच शेवटचा प्रोजेक्ट. बाकीच्या पोरांनी सरळ सरळ धंदे घेतले, कुणी मेडिकल, कुणी खानावळ. हिनं काय घ्यावं? मी! म्हणजे माझा धंदा हो, बैलबाजाराची दलाली. अन् तवापासून मी तिचा आजा न्हाई राहिलो, ग्राहक झालो. "ग्राहकाची मुलाखत घ्यायची अप्पा, नीट बसा." अगं, तुला न्हाऊ घातलंय मी, नीट बसा काय म्हणतीस?

पहिलाच सवाल, "अप्पा, तुमच्या व्यवहाराची प्रक्रिया सांगा." मी म्हणलं, मी बैलाकडं बघतो, बैल माझ्याकडं बघतो, दोघांपैकी एकाला लाज वाटती, मग सौदा होतो. तिनं लिहून घेतलं! खरं सांगतो, टकटक टकटक, लिहून घेतलं! अन् तिथंच माझ्या पोटात गुदगुली सुटली बघा. पन्नास सालात माझ्या थापा कुणी लिहून घेतल्या नव्हत्या. नुसत्या ऐकायचे लोक, अन् उठून जायचे.

आधी शहाण्यासारखं सांगितलं हां. दात कसे बघायचे, वशिंड कसं चाचपायचं, पाठीवर भोवरा कुठं असला की गिऱ्हाईक बिचकतं. देवणी जातीत वानेरा वेगळा, बालंक्या वेगळा, शेवरा वेगळा. सगळं खरं सांगितलं. मग ती म्हणती, "अप्पा, ते दस्तीखाली काय चालतं?" आता तुम्ही बाजार बघितला असंल तर ठाऊक असंल, भाव तोंडानं बोलत न्हाईत आमच्यात. घेणाऱ्याचा हात, माझा हात, वरून दस्ती, म्हणजे रुमाल, टाकायची, अन् खाली बोटं दाबून बोलायचं. बाजूला सख्खा भाऊ उभा असला तरी त्याला कळत न्हाई. मी म्हणलं, अक्षरा, ते न्हाई सांगायचं. तुझ्या बापाला सांगितलं न्हाई, तो मास्तर झाला. रुद्राणीला, म्हणजे तुझ्या आजीला सांगितलं न्हाई, तरी ती माझ्या घरी राहिली.

पोरीचं तोंड एवढंसं झालं. मग मलाच वाईट वाटलं, म्हणलं एक काढून घेतलं तर दुसरं काहीतरी द्यावं... म्हणून बोललो हळूच, "अजून एक गुपित हाय बघ. सौदा पक्का करायच्या आधी बैलाच्या कानात विचारावं लागतं, बाबा, राजी हायेस का? कान हलला तर राजी. न्हाई हलला तर सौदा खलास." पोरगी म्हणती, "खरंच?" अन् आमचा मडिवाळप्पा, माझा चाळीस सालाचा भागीदार, बाजूला पान चघळत बसला होता, तो डोळा न मिचकावता म्हणतो, "हाव की. मला तर एकदा वळूनं नकार दिला, मी रडलो." असा माणूस! याला तुम्ही देवळात नेऊन बसवा, घंटा विकून येईल!

तिनं घातलं हो ते यंत्रात! पडद्यावर चौकट, 'बैलाची संमती', खाली दोन गोल, होय अन् न्हाई. अन् लाल चांदणी. म्हणलं चांदणी कशाची? "हे भरल्याबिगर व्यवहार पुढं जात न्हाई, अप्पा." मी तर घरामागं जाऊन हसून हसून कडब्यात पडलो! सांगणार होतो तिला, दुसऱ्या दिवशी सांगणार होतो... पण दुसऱ्या दिवशी ती बाजारात आली, वही घेऊन लिंबाखाली बसली. पुढच्या बाजारला बी आली. तिसऱ्या बी. चौथ्या बी. मी आपला मजेत. मला काय त्याचं, मी चौथी शिकलेला माणूस!

मग एक दिवस फोन. "अप्पा, येत्या सोमवारी तोंडी परीक्षा हाय, बाहेरच्या मॅडम येणार, लई कडक हायेत. गेल्या साली तिघांना घरी बसवलं. अन् ग्राहक म्हणून तुम्हाला यायचंय." मागून हळूच म्हणती, "हैदराबादच्या कंपनीचं पत्र आलंय अप्पा, पण पास झाले तरच." फोन ठेवला अन् मडिवाळप्पा विचारतो, "अण्णा, ते कानाचं सांगितलंस का तिला, गंमत होती म्हणून?" ... तवा ध्यानात आलं, ते सांगायचं राहूनच गेलं की! चार सालाची डिग्री पोरीची, हैदराबादची नोकरी, अन् सगळं टेकलंय कशावर? बैलाच्या कानावर!

सोमवारी सकाळच्या एस.टी.नं निघालो. देवणीहून उदगीर, उदगीरहून नांदेड. सगळ्या रस्त्यानं पाठ करत होतो, अक्षरा, मी थापा मारल्या, अक्षरा, मी थापा मारल्या... लोह्याला गाडी चहाला थांबली तर चहावाल्यालाच म्हणलं, मी थापा मारल्या. तो म्हणतो, मग पैसे आधी द्या.

कॉलेजात पोचलो, धोतर, पटका, पायात करकरणारी वहाण. पोरं वाट सोडून उभी, त्यांना वाटलं कुणी पाहुणे भाषणाला आले. मी गाठलं पोरीला, म्हणलं, अक्षरा, ते कानाचं... तर हात वर करून म्हणती, "अप्पा, आता काहीच बदलायचं न्हाई. ग्राहकाच्या मागण्या गोठल्या." गोठल्या? मे महिन्यात? नांदेडात?

आत नेलं. समोर त्या बाहेरच्या उज्ज्वला मॅडम, चष्मा नाकाच्या टोकावर, चेहरा असा की जणू आताच कुणीतरी म्हातारी गाय गळ्यात मारली. शेजारी राजशेखर सर घाम पुसून राहिलेले. मी हात जोडून म्हणलं, शरणार्थी, आमच्यात नमस्काराला असंच म्हणतात. मॅडम म्हणाल्या, "बसा." बसलो. अक्षरानं भिंतीवर सगळं दाखवलं, बैल आला, नोंद झाली, दात, वशिंड, भोवरा, गिऱ्हाईक आलं... छान चाललं होतं हो! माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. अन् आली ती चौकट.

"बैलाची संमती?" मॅडमनी चष्मा काढला. "हे काय आहे?"

"ग्राहकानं सांगितलंय मॅडम."

मॅडम माझ्याकडं वळल्या. "आजोबा, तुम्ही खरंच बैलाला विचारता?"

आता बोला! न्हाई म्हणावं तर पोरगी अडाणी ठरती, चौथीवाल्यानं डिग्रीवालीला गंडवलं. हाव म्हणावं तर मी येडा. मग म्हणलं, येडं होणं आपल्या सवयीचं हाय. मिशीवरनं हात फिरवला अन् म्हणलं, "हाव, म्यॅडम. कानात विचारतो."

"आणि तो सांगतो?"

"कान हलवला की राजी."

"आणि माशी बसली म्हणून हलवला तर?"

काय बाई! पन्नास सालात एका गिऱ्हाइकाला हा सवाल सुचला न्हाई! मी म्हणलं, "मग माशीची बी संमती धरायची, म्यॅडम."

राजशेखर सरांना ठसका लागला. मॅडम हसल्या न्हाईत. मी समजलो, गेलं. हैदराबाद गेलं. तेवढ्यात पोरगी शांतपणानं म्हणती, "मॅडम, पान सदतीस बघावं."

मॅडमनी पान काढलं अन् मोठ्यानं वाचायला लागल्या. "ग्राहक सांगतो ते, आणि ग्राहक करतो ते. चार बाजार, त्रेसष्ट सौदे समोर बसून पाहिले. बैलाच्या कानात विचारल्याचे प्रसंग, शून्य." मी खुर्चीत सरकलो. पुढं वाचतात, "निष्कर्ष. ग्राहकाचे प्रत्येक विधान प्रत्यक्ष बाजारात तपासून घ्यावे. विशेष सूचना..." अन् थांबल्या. माझ्याकडं बघितलं, कागदाकडं बघितलं, परत माझ्याकडं. "विशेष सूचना. ग्राहक डाव्या मिशीला हात लावून बोलत असल्यास विधान हमखास खोटे असते."

अन् माझा हात कुठं? डाव्या मिशीवर! काढावा तर चोर, ठेवावा तर चोर!

तुम्हाला सांगतो, बिदरचे व्यापारी आले, सोलापूरचे आले, माझ्या तोंडाकडं बघून बघून म्हातारे झाले, कुणाला ही मिशी सापडली न्हाई. अन् ही बावीस सालाची पोरगी, लिंबाखाली बसून, चार बाजारांत! मॅडम तर अशा हसल्या की चष्मा पडला. म्हणाल्या, "अहो, हाच तर पहिला धडा आहे या विषयाचा, आणि मुलांना हाच येत नाही!"

मग एक रिकामी चौकट दाखवून विचारलं, "इथं काहीच कसं नाही?" चौकटीवर नुसतं लिहिलेलं, दस्ती. अक्षरा म्हणाली, "तिथं यंत्रणा बघत न्हाई, मॅडम. भाव दस्तीखालीच ठरतो. तिथं उजेड पडला तर घेणारा बुजतो अन् विकणारा बी. म्हणून ती जागा झाकलेलीच ठेवली." मी वर पंख्याकडं बघत बसलो. नांदेडचा पंखा, बघण्यासारखं काही नव्हतं त्यात... तरी बघत बसलो.

पास झाली. वरच्या नंबरात. हैदराबादला गेली बी. जाताना काय केलं? ती यंत्रणा बाजारातल्या सगळ्यांच्या मोबाईलवर चढवून गेली. बाजार समितीवाले खुश, बैलाची सगळी नोंद एका जागी! फक्त ती चौकट तशीच. लाल चांदणीसकट. मी फोन लावला, म्हणलं, पोरी, आता तरी काढ ती. तर म्हणती, "काढते की अप्पा. बदलाचा लेखी अर्ज द्या, कारण लिहा, खाली सही करा." कारण काय लिहू? मी, गुरुबसप्पा बिरादार, थापा मारल्या? अन् मडिवाळप्पा तर काच अन् चौकट आणून तयार बसलाय, म्हणतो, "अण्णा, तू नुसती सही कर, भिंतीवर लावायचं माझ्याकडं लागलं." मेलो तरी न्हाई देणार अर्ज!

मग काय होतंय? गेल्या बाजारला लोह्याचा एक शेतकरी, त्याचा शेवरा, असा देखणा की बघत राहावं. गिऱ्हाईक राजी, शेतकरी राजी, दस्तीखाली बोटं जुळली, सगळं झालं, अन् मोबाईल म्हणतो, संमती बाकी! सगळा बाजार गोळा झाला, "अप्पा, विचारा! अप्पा, विचारा!" चौऱ्याहत्तर सालाचा माणूस मी, कंबर धरून वाकलो, बैलाच्या कानात म्हणलं, "बाबा, राजी हायेस का?"

तो समोर बघतो. मी परत विचारलं. समोर बघतो. सगळ्या बाजारात माशाच माशा, गुळावर माशा, चहावर माशा, मडिवाळप्पाच्या टकलावर तीन... अन् बैलाच्या कानाकडं एक फिरकंल तर शपथ! वीस मिनिटं! शेवटी गिऱ्हाइकानं 'न्हाई'चा गोल दाबला अन् सौदा मोडला. अन् घरी निघताना तो बैल, तुम्हाला सांगतो, दोन्ही कान हलवत गेला!

अक्षराला सांगितलं तर म्हणती, "म्हणजे यंत्रणा बरोबर चालून राहिली, अप्पा."

जाऊ द्या. मला काय त्याचं, मी चौथी शिकलेला माणूस. आता ही खिशातली काड्यापेटी बघता ना? विडी सोडून बारा साल झाले मला. काडी एक न्हाई हिच्यात. उद्याच्या बाजारासाठी एक माशी धरून ठेवलीय... हळू बोला, झोपलीय.