गोळी बदलली, केळी बंद

आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष सरपंच रुपचंदनाना, व्यासपीठावरचे डॉक्टरसाहेब, ज्यांना आज निरोप देतोय त्या आपल्या उपकेंद्राच्या नर्स धुरपदाअक्का, आणि समोर बसलेल्या माय-बहिणींनो, भाऊंनो,

मला दोन मिनिटं दिली आहेत. आठवीनंतर शाळा सुटली आणि मी सावद्याच्या केळीच्या ट्रकवर लागलो. दिल्लीच्या थंडीत केळी कशी पिकवतात, ते ऐकण्यासारखं आहे... पण राहू द्या.

पाच वर्षांपूर्वी माझ्या वडिलांचं, लोटनआबांचं हृदय थकलं. पायावर सूज, चार पावलांत दम. धुळ्याच्या डॉक्टरांनी लघवीची गोळी दिली. सूज उतरली, पण पोटऱ्यांत गोळे यायला लागले. डॉक्टर म्हणाले, लघवीवाटे अंगातलं पोटॅशियम जातंय, रोज दोन केळी खा. केळी? आमच्या घरी? प्रत्येक फेरीला मी घडच आणून टांगायचो!

पुढे ती गोळी बदलून नवी दिली. हृदयाला चांगली, पण ती पोटॅशियम अंगातच धरून ठेवते. म्हणून केळी बंद. हे डॉक्टरांनी कोणाला सांगितलं? मला. आणि मी काय करत होतो? खाली एक ड्रायव्हर ट्रक मागे घेत होता, तो भिंतीला लागतो का ते खिडकीतून बघत होतो. लागला नाही. घरी येऊन मी तेवढंच सांगितलं.

पंधरा दिवसांत आबांना खाटेवरून उठवेना. आम्ही म्हटलं, अशक्तपणा. अजून केळी द्या. भेटायला येणारेही केळीची फणी घेऊनच यायचे. अक्का फेरीवर आल्या. नाडी धरली, मिनिटाला अडतीस. वर टांगलेल्या घडाकडे पाहिलं.

"आबा, दिनभरमा किती खातस?"

"सात-आठ. डॉक्टरनी सांगेल शे ना! पोऱ्या घड लई येस, बठ्ठा, पुरा घड, मीच खास."

अक्कांनी केसपेपर मागितला. त्यावर इंग्रजीत लिहिलेलं होतं, केळी बंद. त्यांनी तिथल्या तिथे जीप बोलावली, स्वतः सोबत बसल्या. धुळ्याला हृदयाचा आलेख काढला, इंजेक्शनं दिली. डॉक्टर म्हणाले, एक दिवस उशीर झाला असता तर ठोके थांबले असते.

तिथल्या ओट्यावर अक्कांनी मला विचारलं, "तुले सांगेल व्हतं ना?" मी मान खाली घातली. घरी सगळे विचारत होते, असं कसं झालं? अक्का एवढंच म्हणाल्या, "गोळी बदलली, आता केळी बंद." आणि खडूने दारावर तसंच लिहिलं. ते अजून आहे.

आबा, तुम्ही पहिल्या रांगेत बसला आहात म्हणून सांगतो. कागद इंग्रजीत होता, म्हणून कोणाला कळलं नाही, असं मी पाच वर्षं सांगत आलो. ते खोटं आहे. मला सांगितलं होतं. मी ऐकलं नाही.

अक्का, आमचा बाप तुमच्यामुळे इथे बसलाय. तुमचे उपकार कसे फेडू, मला माहीत नाही. सर्वांनी शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर पोटात घाला. त्या दिवशीची चूक अक्कांनी पोटात घातलीच आहे. आता आबांनी घालावी, एवढंच मागणं.