डब्यावरचा टॉवेल

सापाच्या पिल्लावरून मी सौदीतल्या यान्बूत एका भल्या माणसावर आळ घेतला होता, ते ऐका. पिल्लू पाळलेलं, बिनविषारी. आजारपणानंतर त्यानं खाणंच सोडलं. चिमट्यानं भरवून मी ते तीन आठवडे जगवलं, पण डॉक्टर म्हणाले, "आता स्वतःहून खाल्लं नाही, तर काही खरं नाही."

मग फ्रीजरमधला मेलेला छोटा उंदीर कोमट करून मी त्याच्या डब्यात ठेवायचो आणि वही घेऊन तासभर समोर बसायचो. रोजची नोंद एकच: तोंड लावलं नाही.

एका शुक्रवारी भाजी घेऊन परतलो, तर उंदीर गायब! माझ्यासोबत राहणारा रत्नागिरीचा रियाजभाई त्या उंदरांवरून रोज कुरकुरायचा. मी थेट कचऱ्याची पिशवी उपसली.

"रियाजभाई, फेकलास ना?"

"हातसुद्धा लावला नाही. नमाजला जाताना डब्यावर टॉवेल टाकला, आल्यावर काढला, बस."

"खोटं!"

"आधी साप तर बघ."

पाहिलं, तर पोटाला चांगला फुगवटा. मी ओशाळलो. "टॉवेलचं सुचलं कसं?"

"त्यात काय सुचायचंय? जेवताना तू माझ्याकडंही तसाच टक लावून बघतोस. माझासुद्धा घास उतरत नाही."