खाल्लेलं जातं कुठे

— नाही हो, दोघींचा कसला, हा माझा एकटीचा डबा. बघा, बघा, वाकून बघा, मला सवय आहे. खाली भात, मध्ये बटाटे, वर पाव — आणि पाव मी भाताबरोबरच खाणार आहे, नंतर नाही. ‘नशीबवान आहात’ म्हणालात ना आत्ता? म्हणा. सगळेच म्हणतात. कुणी हसून म्हणतं, कुणी दातओठ खाऊन म्हणतं, पण म्हणतात. तुम्ही बसा ना. ती खुर्ची नको, तिचा पाय डुगडुगतो, स्टुलावर बसा. तुमच्या लेकीचं माप आत वन्सं घेतायत — वन्सं म्हणजे माझी नणंद, नवऱ्याची मोठी बहीण, तुम्हाला दार उघडलं त्याच. लग्नाचा ड्रेस आहे, मापाला वेळ लागणार, तोवर मी जेवून घेते. मला भूक धरवत नाही, हात थरथरायला लागतात, आणि थरथरत्या हाताने तुमचं एवढं महागाचं कापड कापलं तर तुम्हीच बोंब माराल.

तर काय म्हणत होते — खाल्लेलं जातं कुठे. हाच प्रश्न ना तुमचा? अहो, मला कळलं असतं तर मी शिवणकाम कशाला केलं असतं, बाटलीत भरून विकलं असतं! लहानपणापासून ऐकतेय. जंत झालेत म्हणून कडू औषधं पाजून झाली. कुणी म्हणालं हिला आतून काहीतरी पोखरतंय. एक शेजारीण म्हणायची, ही जेवते आणि मागच्या दारी जाऊन ओकते — उभी राहायची हो बाई, माझं जेवण झालं की मागच्या दाराशी, बघायला! मी तिच्यासमोर केळी खायची, एकामागून एक. बाबा माझे तसेच होते. कपडे वाळत घालायची काठी असते ना, तिला शर्ट घातल्यासारखे. अख्खा पाव चहात बुडवून खायचे आणि पँटला दोरी बांधायचे. पण बाप्याला कुणी विचारत नाही. बाप्या म्हणजे काटक. बाई म्हणजे — हाडकी. माझं नाव काडी पडलं ते तेव्हापासून. सासरी आले तर तिथे नाव ठेवायलाही कुणाला कष्ट पडले नाहीत, आपोआप तेच पडलं.

सासूबाई सुरुवातीला फार गोड होत्या हं, खोटं कशाला बोलू. त्यांना धास्ती एकच — लोक म्हणतील सुनेला उपाशी ठेवते. म्हणून माझ्या ताटात ढीग. भात संपला की वाढ, संपला की वाढ. मी खायची, मला काय, मला आवडतं! वर्ष गेलं, गालावर मूठभर मांस नाही. गल्लीतल्या बायका मला एकटीला गाठून विचारायच्या, ‘काय गं, पोटाला देतात ना?’ सासूबाईंच्या कानावर जायचं. मग त्या बायकांना हटकून जेवायच्या वेळेला बोलवायच्या आणि म्हणायच्या, बघा, डोळ्यांनी बघा काय खाते ती! सर्कशीतल्या जनावराला बघावं तशा बसायच्या हो समोर. मी खायची. लाजले नाही. मी का लाजू?

पण त्याच ताटाशेजारी वन्संचं ताट असायचं. तिथे निम्मा पाव आणि काकडी. वन्सं तेव्हाही अशाच होत्या — भरलेल्या, गोल, हसल्या की सगळं अंग हसणाऱ्या. त्यांचं घरातलं नाव गोणी. घरातलं हं, सख्ख्या आईने ठेवलेलं. आणि गल्लीला तर आयतंच मिळालं — काडी आणि गोणी चालल्या बाजाराला. त्या हसायच्या. मला आधी वाटायचं यांना लागतच नाही. मग एकदा कपडे वाळत घालताना बघितलं, दोरीवर चादर टाकून चादरीमागे उभ्या होत्या, आणि चादर हलत होती. वारा नव्हता.

जास्त खायच्या का? हा पुढचा प्रश्न, नाही का? नाही. एकाच घरात राहिलेय मी, एकाच स्वयंपाकघरात, मला विचारा. माझ्या निम्म्यानेही नाही खायच्या. काम? पाणी त्या भरायच्या, कपडे त्या धुवायच्या, जिना त्या पुसायच्या. मी मशीनवर बसून पाय हलवायची. पण सासूबाई मानतील तर ना! त्यांचं म्हणणं, चोरून खात असणार. आणि मग माझ्याकडे बोट — ‘ही बघ, एवढं खाऊन कशी सडपातळ आहे, आणि तुला वास घेतला तरी चढतं!’ म्हणजे माझंच ताट उचलायचं आणि वन्संच्याच डोक्यात घालायचं. रोज. मला माझा घास कडू लागायला लागला, ताई. मला! जिला आयुष्यात कधी अन्न कडू लागलं नाही.

त्यात वन्संना स्थळ आलं. मुलगा दुकानात मॅनेजर, दिसायला बरा, आईसमोर बोलायची टाप नाही. त्याची आई म्हणाली, मुलगी पसंत आहे, फक्त जरा कमी करा, मग तारीख ठरवू. कमी करा! पोतं आहे का, वरचं काढून ठेवायला? पण सासूबाईंनी मनावर घेतलं. फडताळाला कुलूप आलं, किल्ली त्यांच्या कमरेला. वन्संना सकाळी कोरा चहा, दुपारी सूप — सूप म्हणजे ज्या पाण्यात आमची भाजी उकडली ते पाणी. आणि मी समोर भाताचा ढीग घेऊन बसलेली. मला वेगळं बसू द्यायच्या नाहीत हं! मुद्दाम समोर. त्याने म्हणे वन्संना शिस्त लागेल. मी नवऱ्याला सांगितलं, तुमची बहीण आहे, बोला काहीतरी. तर म्हणाले, ‘आईचं आणि तिचं आहे ते, तू मध्ये पडू नकोस.’ चांगला माणूस आहे हो, अजूनही चांगलाच आहे, बदलीच्या गावी असतो, सुट्टीला येतो — पण वादळ आलं की छत्री मिटून घेणारा.

मग एक दिवस वन्सं जिन्यात पडल्या. बादलीसकट. मी धावले तर पाण्यात बसलेल्या, कपाळाला खोक, आणि मला म्हणतात कशा — ‘वहिनी, आईला सांगू नका, ती म्हणेल वजनाने पडले.’

तेव्हा माझं डोकं फिरलं.

दुपारी ताट समोर आलं तशी मी ते पालथं घातलं. अन्न फेकलं नाही हं — भात परत पातेल्यात टाकला आणि रिकामं ताट पालथं घातलं. म्हटलं, यांच्या ताटात जे पडेल तेच माझ्या ताटात पडेल. भात असला तर दोघींना भात, भाजीचं पाणी असलं तर दोघींना पाणी. सासूबाई म्हणाल्या, नाटकं करू नकोस, संध्याकाळी भूक लागली की येशील गुमान. नाही गेले. दुसऱ्या दिवशीही नाही. आणि ताई, हे कुणी सांगत नाही तुम्हाला — माझ्यासारख्यांना उपास झेपत नाही. वन्सं कसेतरी दिवस काढत होत्या, त्यांच्या अंगाला साठवायची अक्कल आहे. माझं अंग म्हणजे उधळं, आलं की खर्च. ओठ पांढरे पडले, डोळ्यांपुढे काळं यायला लागलं, तरी मी मशीनवर बसून शिवतेच आहे, कारण थांबले तर हरले. तशीच घेरी आली आणि सुई गेली बोटातून. ही बघा खूण. नखातून गेली ती मागून बाहेर.

माझी किंकाळी ऐकून गल्ली गोळा झाली. आणि सासूबाईंची जी भीती होती जन्माची — सून उपाशी — ती अख्ख्या गल्लीसमोर खरी ठरली. वन्संनी कुणाला विचारलं नाही. आईच्या कमरेची किल्ली हिसकली, फडताळ उघडलं, पाव काढला, साखर लावली आणि माझ्या तोंडाशी धरला. मी तोंड मिटलं. म्हटलं, आधी तुम्ही. सगळ्या बायका बघतायत, माझ्या बोटातून रक्त ठिबकतंय, आणि आमचं आधी तू, आधी तू! शेवटी खाल्ला त्यांनी. रडत रडत खाल्ला. मग मी खाल्ला. आणि तिथेच ठरलं, या घरात दोघींची ताटं सारखी. सासूबाई जाईपर्यंत सारखीच राहिली. त्या मॅनेजरच्या आईला वन्संनी स्वतः सांगितलं, ‘कमी झालेली नाहीये, होणारही नाहीये, तुम्ही दुसरीकडे बघा.’ मी दारामागे उभी राहून ऐकलं. एवढं सुंदर वाक्य मी आजवर ऐकलेलं नाही.

म्हणून म्हणते, तुम्ही मघाशी जे हळूच सांगितलंत ना, लेकीला कळू न देता — ‘ड्रेस दोन इंच आत घ्या, तोवर ती बारीक होईल’ — ते मी करणार नाही. नाही म्हणजे नाही. आज जे अंग आहे त्याचं माप. लग्न तिचं आहे, इंचपट्टीचं नाही. तिला त्या दिवशी श्वास घेता आला पाहिजे, बसता आलं पाहिजे, जेवता आलं पाहिजे! तुम्हाला पटत नसेल तर कापड तसंच आहे, अजून कात्री लावलेली नाही. आणि पुन्हा तिला माझ्याकडे बोट दाखवून ‘बघ, या कशा’ म्हणायचं नाही. आल्या आल्या म्हणालात तुम्ही, मी ऐकलं. पोरीने मान खाली घातली. माझा धोपटायला दांडका म्हणून वापर करायचा नाही, सांगून ठेवते. एकदा केला लोकांनी, बास झालं.

कारण काही आहे का खरंच? आहे ना. डॉक्टरीणबाईंना विचारलं मी. त्या म्हणाल्या, काहींचं आईबापाकडूनच तसं येतं, अंगाची ठेवणच तशी. काहीजण बसल्या जागीही स्वस्थ नसतात, पाय हलव, हात हलव — माझा पाय बघा, आत्ताही हलतोय, मशीन नाही तरी! आणि काहीजण एकदा भरपूर खातात ते लोकांना दिसतं, मग उरलेला दिवस आपोआप कमी खातात ते कुणाला दिसत नाही. आणि म्हणाल्या, पण बारीक आहे म्हणून आतून सगळं ठीकच असेल असं समजायचं नाही, बाहेरून काही कळत नाही, आता तुमचाच रिपोर्ट —

काही नाही. असाच रिपोर्ट. रक्ताचा.

अहो, काही नाही म्हटलं ना. ही? ही साधी गोळी आहे, जेवणाआधीची. तुम्हीही घेता? हीच? … मग कळलंच असेल तुम्हाला. हो. साखर. आहे जरा जास्तच. हसा आता — नशीबवान! एवढं खाऊन काडी ती काडी, आणि रक्तात साखर. वन्संचं रक्तही मीच हट्टाने तपासून घेतलं होतं तेव्हा, त्यांचं सगळं स्वच्छ, काचेसारखं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या भात निम्मा करा, पाव बंद करा, नुसत्या गोळीवर भागणार नाही. आणि मी हा डबा घेऊन बसलेय, असंच वाटतंय ना तुम्हाला? वेडी आहे ही बाई? वेडी नाहीये मी! मला सगळं कळतं. पण डबा कोण भरतं? वन्सं भरतात. दोन डबे, एकसारखे. माझा भात निम्मा झाला की त्या संध्याकाळी त्यांचाही निम्मा होणार. माझा पाव गेला की त्यांचाही गेला. मी ओळखते त्यांना — हसत हसत करतील, वर म्हणतील, वहिनी, मला कुठे एवढं लागतं. मी पुन्हा त्यांना काकडी खाताना बघू? त्या जिन्यातून उचललंय मी त्यांना! माझं काय व्हायचं ते होऊ दे, माझ्या रक्तात साखर होऊ दे नाहीतर वाळू होऊ दे, पण त्यांच्या ताटातला एक घास माझ्यामुळे कमी झालेला मला चालणार नाही, कुणी काही म्हणो, डॉक्टर म्हणो, देव खाली येऊन म्हणो —

काय? ओरडतेय मी? ओरडतेच आहे. मला कुणाची —

मागे काय बघताय?

… वन्सं. झालं का माप? पोरीला बाहेर पाठवा की, उकडत असेल तिला आत. … कधीपासून उभ्या आहात? नाही, तसं काही नाही हो, ह्या ताई विचारत होत्या म्हणून आपलं बोलता बोलता — वन्सं. ती टेप खाली ठेवा आधी. अहो, मी सांगणारच होते. खरंच सांगणार होते. अगं, बघ ना माझ्याकडे. शिव्या दे, काय द्यायच्या त्या दे.

ताई, तुम्ही निघा आता. लेकीला घ्या आणि निघा. जाताना दार ओढून घ्या.