दारं उघडली ती वेळ

भरपाईच्या खिडकीसमोर माझ्यापुढे एक निवृत्त रेल्वे गार्ड आणि त्यांची लेक उभी होती.

“बाबा, गाडी सत्तावन्न मिनिटं उशिरा आली. पूर्ण तास झाल्याशिवाय छदामही मिळत नाही. चला घरी.”

“सत्तावन्नला चाकं थांबली. दारं कधी उघडली?”

“पाच मिनिटांनी.”

“म्हणजे बासष्ट. अर्धं भाडं परत.”

“त्यांच्या नोंदीत सत्तावन्नच असणार.”

“असू दे की! प्रवाशाला उतरता येईल तेव्हा गाडी पोचली, असा नियम आहे. मी काय बंद दारातून उतरणार होतो?”

“नवीन नियम आहे का हा?”

“छे! मी नोकरीला लागलो तेव्हापासूनचा. तोंडपाठ आहे मला. खिडकीतल्याला आज सोडत नाही.”

“मग तुम्ही नोंदवहीत कुठली वेळ लिहायचात?”

“चाकं थांबली ती.”

“नेहमी?”

“एकतीस वर्षं. माझ्या गाडीच्या एकाही प्रवाशाला भरपाई द्यावी लागली नाही. बाहेरच्या खोलीतली ढाल काय उगाच मिळाली?”

“बाबा!”

“ओरडू नकोस. सरक पुढे, आपला नंबर आला.”