सूर्य मावळेपर्यंत

दोन हजार चारच्या जानेवारीत नेपरव्हिलच्या स्टेशनवर शिकागोची गाडी बर्फामुळे लेट होती. माझ्या मागे दोघं मराठीत बोलत होते.

"सॉरी संग्राम, शनिवारी मंडळात येताच आलं नाही. निमिषचं कादंबरीवाचन कसं झालं?"

"कसली कादंबरी, हिमानी! माझ्यासारखाच पुण्याहून आलेला, दिवसभर कोडिंग करणारा माणूस. आणि लिहितोय काय, तर प्राचीन रोमचं राजकारण!"

"पण त्याची ओळख तूच करून देणार होतास ना?"

"दिली की. चांगला तासभर बोललो. हॉल नऊला रिकामा करायचा होता, त्याला दहाच मिनिटं उरली. त्याला मी काय करू?"

"मग त्याने वाचलं काय?"

"पहिलं प्रकरण वाचणार होता. पण उठला, पानं चाळली आणि मधलंच काहीतरी काढलं. कुणी एक सिनेटर असतो. दुसऱ्याच्या प्रस्तावावर मतदान होऊ नये म्हणून सूर्य मावळेपर्यंत भाषण ठोकत राहतो. अंधार पडला की सभा बरखास्त, असा तिथला नियम."

"कशासाठी पण?"

"जळतो त्याच्यावर. मला नाही पटलं यार. इतका कोत्या मनाचा माणूस असतो का कुठे?"

"लोकांना आवडलं?"

"डोक्यावर घेतलं! हसून हसून लोळायचेच बाकी होते. माझी बायकोसुद्धा. आणि बघत मात्र सगळे माझ्याकडे होते."

"तुझ्याकडे? का?"

"का म्हणजे? ओळख मीच करून दिली होती ना!"