चौथी दोरी

एक्स-रेच्या खोलीबाहेर माझा नंबर यायचा होता. शेजारच्या बाकावर हात गळ्यात अडकवलेला चाळिशीतला माणूस आणि त्याची आई.

“एवढा घोडा झालास आणि पतंगाने फरफटत नेलं म्हणे.”

“आई, साधा पतंग नाही तो. चार दोऱ्यांचा आहे. हात जरा मागे घेतले की हवेत जागच्या जागी थांबतो.”

“मग थांबवायचास की!”

“थांबवतच होतो! तो आपला डावीकडेच गिरक्या घेतोय. वारा हा असा. शेवटी कुंपणावर जाऊन आदळलो.”

“सोडून द्यायचा.”

“पलीकडे रस्ता होता. कोणाच्या तरी तोंडावर बसला असता.”

“तुझ्या हातावर बसलं ते चाललं!”

“चारी दोऱ्या एका मापाच्या लागतात, आई. पडल्यावर मोजल्या, तर एक वीतभर लांब! गॅलरीत तिच्यावर चादरी कोणी वाळत घातल्या?”

“दोनच घातल्या. नुसती पडून होती दोरी, म्हणून बांधली.”

“दोन! ओल्या! ताणली ना ती! पुढच्या महिन्यात स्पर्धा आहे माझी!”

“ओरडू नकोस, दवाखाना आहे हा. दुसरी आण.”

“मागवली की यायला दोन महिने लागतात.”

“मग उरलेल्या तिन्हींवर घालते चादरी. होतील सगळ्या सारख्या.”

“काहीही बोलू नकोस, आई.”

 आतून त्याला हाक आली. तो उठला, दारापर्यंत गेला आणि वळला.

“त्या दोन चादरी पिळून घातल्या होत्यास, की न पिळता?”