चूक खरी, पण बोल कुणाला?

मंडळी, आज एकच प्रश्न घेऊन उभा आहे. ज्याचं म्हणणं खरं असतं, त्याला वाटेल तसं बोलायची मुभा असते का? घाईनं मान डोलवू नका. आधी गोष्ट ऐका.

कराडला वासंती ढवळे नावाची बाई. चार गावच्या लोकांबरोबर ती एक सॉफ्टवेअर सांभाळायची. काय करायचं ते? ज्यांना दिसत नाही, त्यांना मोबाइलवरचं मराठी मोठ्यानं वाचून दाखवायचं. फुकट, आणि उघडं. उघडं म्हणजे? आतली रचना कुणीही बघावी, बिघडलं असेल ते दुरुस्त करून पाठवावं. गावाच्या विहिरीतला गाळ सगळ्यांनी काढावा, तसं. या मंडळींचे म्होरके हेरंब कानिटकर. वासंती त्यांच्याच हाताखाली शिकलेली. माणूस मोठा गुणी, पण जीभ? जिभेला धार.

एकदा मिरजेहून तहसीन मुलाणी नावाच्या बाईंनी दुरुस्ती पाठवली. त्यांचे अब्बा अंध. बातम्या ऐकायचे, तर ‘कि.मी.’ लिहिलेलं फोन वाचायचा, ‘सांगली दहा की मी’. अब्बा विचारायचे, ‘अगं, सांगली की तू, काय ते एक ठरव.’ तहसीननं खपून ते ‘किलोमीटर’ करून दिलं. पण झालं काय, जिथं तिथं किलोमीटर! ‘तिनं विचारलं की मी येऊ का’ — फोन वाचतो, ‘तिनं विचारलं किलोमीटर येऊ का’. हसलात? सगळे हसले असते, दुरुस्त केलं असतं, संपलं असतं.

पण हेरंबदादांनी सगळ्यांदेखत लिहिलं, ‘डोकं घरी ठेवून आलात का? असल्यांनी या वाटेला येऊ नये.’

तहसीन एक अक्षर न बोलता निघून गेली. आणि मंडळी, तेवढ्यावर थांबलं नाही. नवे लोक प्रश्न विचारेनासे झाले. जुने म्हणाले, ‘दादांचा स्वभावच तसा. जाऊ दे.’

वासंतीच्या घशाखाली घास उतरेना. वागणुकीचे नियम सगळ्यांनी मिळून केलेले, आणि ते पाळले जातात की नाही हे बघायचं काम तिच्याकडे. काम तपासावं, माणसाचा पाणउतारा करू नये, हा पहिला नियम. पण सांगायचं कुणाला? ज्यांनी शिकवलं त्यांना? ते रागावून निघून गेले तर हे सगळं चालवणार कोण?

तरी एका दुपारी तिनं दादांना फोन लावला.

“दादा, तहसीनताईंना लिहिलंत ते बरोबर नव्हतं.”

“चूक होती की नव्हती?”

“होती. कामात होती. तुम्ही माणसाला हाणलंत.”



“मग काढतेस मला?”

“नाही. शब्द सगळ्यांसमोर मागे घ्या. आणि महिनाभर दुसऱ्यांचं काम तपासायचं नाही. दुसरं कुणी असतं, तरी हेच सांगितलं असतं.”

दादांनी फोन कट केला.

दिवस मावळायला आला तरी वासंती नुसती बसून होती. आपल्याच हातानं घर मोडलं, असं तिला वाटत राहिलं. मग हेरंबदादांचं लिहिणं आलं, सगळ्यांना दिसेल असं. ‘तहसीनताई, मी तुमचा अपमान केला. सबब काही नाही. माफी मागतो. महिनाभर तपासणीला मी नाही, वासंती आहे.’ खाली तिच्या एकटीसाठी एक ओळ — ‘कुणीतरी सांगायला हवं होतं. बरं केलंस.’

 त्या दिवशी वासंती पहिल्यांदा पोटभर जेवली.

आणि तहसीन? तिचं उत्तर आलं, “माफी पोचली. आता माझी चूक नेमकी कुठं आहे ते सांगा. ती लपवू नका.”

बघा, बाईला चुचकारणं नको होतं. चूक हवी होती, माणसासारखी सांगितलेली. दोघींनी बसून ती काढली, आणि मिरजेत अब्बांच्या बातम्या सुरळीत सुरू झाल्या.

आता तुमच्याकडे वळतो. ‘स्वभावच तसा’ म्हणून आपण घराघरांत कितीजणांना मोकळं सोडलंय? वासंतीसारखा फोन करायची छाती कुणाची आहे? आणि तो तिखट जिभेचा माणूस आपणच असलो तर? कुणी सांगायला आलं, तर फोन आपटून तिथंच थांबाल, की दिवस मावळायच्या आत चार शब्द लिहाल?

टाळ हातात घ्या. पण देवाचं नाव घेण्याआधी, ज्याला लागेल असं बोललात त्याचं नाव एकदा मनात घ्या.

घेतलं? आता म्हणा, विठ्ठल.